काटेमामांची जागा, मामींची गादी

काटेमामांचं वजन शंभर किलो. गोल शंभर. हे ते आपणहून सांगायचे, आणि कोणी शंका घेतलीच तर त्याचा दंड धरून त्याला वजनकाट्यापर्यंत न्यायचे. वजनकाटा म्हणजे ट्रकतळाच्या फाटकाशी जमिनीत बसवलेली ती लांबरुंद लोखंडी पाटी. तिच्यावर अख्खा ट्रक चढतो आणि शेजारच्या खोलीत त्याचं मालासकट वजन दिसतं. त्या खोलीत मामा बसायचे. मिसरूड फुटल्यापासून बसत होते, म्हणून तर काटेमामा. सकाळी पहिला ट्रक यायच्या आत ते काटा झाडून घ्यायचे, मधोमध उभे राहायचे आणि मान लांब करून खिडकीतून आतला आकडा बघायचे. शंभर.

"लग्नात शंभर, लेक झाली तेव्हा शंभर, आज शंभर," ते म्हणायचे. "याला म्हणतात प्रकृती. नाहीतर तुम्ही! आज फुगा, उद्या चिपाड."

यात एकच गोम होती. तो काटा ट्रकांचा. तो वीस-वीस किलोंच्या ढांगा टाकत चालायचा. नव्वदच्या पुढचा आणि एकशेदहाच्या अलीकडचा कुठलाही जीव त्याच्या लेखी शंभरच. ट्रक तोलताना मामांना हे झोपेतसुद्धा ठाऊक असायचं. स्वतः वर चढले की मात्र साफ विसरायचे. पँटा घट्ट व्हायच्या, त्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "हल्ली कापडच आटतं."

"बरोबर," मामी म्हणायच्या. "आणि खुर्च्यासुद्धा आटतात. बाबा आदमच्या काळातली आपली ती वेताची खुर्ची, परवा किती आटली! बसल्याबसल्या मोडलीच."

मामा हसायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. ते काय वाढून घ्यायचे ते पुढे येईलच. आधी दोरीचं सांगतो, कारण मामांचा जीव दोरीत अडकलेला होता.

ट्रकतळाच्या पलीकडे पिठाची गिरणी होती आणि मधे मोकळं मैदान. दरवर्षी त्या मैदानात ट्रकतळ विरुद्ध गिरणी अशी रस्सीखेच व्हायची. बक्षीस काही नाही, नुसती वर्षभराची टिंगल. जो हरेल त्याने पुढचं अख्खं वर्ष ऐकून घ्यायचं. नियम एकच. संघाचं सगळं मिळून वजन सातशेवीस किलोंच्या वर जाता कामा नये. माणसं किती ते ज्याचं त्याने बघावं. एका वर्षी गिरणीवाल्यांनी नऊ काटकुळे उभे केले होते आणि सगळे आडवे झाले होते. तेव्हापासून दोन्हीकडे आठ-आठ आडदांड उभे राहत.

त्या आठांत शेवटची जागा मामांची. दोरीचं टोक कमरेभोवती घेऊन, बगलेतून काढून खांद्यावर टाकायचं, टाचा मातीत रुतवायच्या आणि आभाळाकडे बघत मागे कलायचं. पुढचे सात ओढतात, शेवटचा हलत नाही. त्याचं कामच ते. मामांनी ते काम इतकी वर्षं केलं होतं की त्यांच्या डाव्या खांद्यावर दोरीचा घट्टा पडला होता आणि तो ते पाहुण्यांना, शर्टाचं बटण काढून, दाखवायचे. घरात त्यांचं कोणी ऐकायचं नाही. कामावर साहेब ऐकायचे नाहीत. पण वर्षातून एकदा सात माणसं त्यांच्या भरवशावर जीव टाकून ओढायची. ती जागा गेली तर मग राहिलं काय?

आणि ती जायची वेळ आली.

त्या वर्षी गिरणीवाल्यांनी कुरकुर केली. तुमचं वजन तुमच्याच काट्यावर, हे काय? दवाखान्यातला माणसांचा काटा मैदानात आणायचं ठरलं. ट्रकतळाचा कप्तान होता टायरवाला. टायर काढणं-घालणं-फुगवणं हाच धंदा, म्हणून त्याला सगळे पंक्चर म्हणायचे. पंक्चर सावध माणूस. सामन्याला तीन महिने असतानाच तो दवाखान्यातून तो काटा उसना घेऊन आला आणि सगळ्यांना एकेक करून त्यावर चढवलं. मामा सगळ्यात शेवटी, ऐटीत चढले.

"एकशेनऊ," पंक्चर म्हणाला.

"पुन्हा बघ."

"एकशेनऊच आहेत, मामा."

"तुझा काटा बिघडलाय."

"मामा, त्यावर सकाळी नर्सबाई बाळं तोलत होत्या. एकाही बाळाने तक्रार नाही केली."

बेरीज सातशेएकोणतीस झाली. नऊ किलो जास्त. सगळे दुसरीकडे बघायला लागले. कोणी टायर न्याहाळतोय, कोणी नखं. शेवटी पंक्चरनेच तोंड उघडलं. "मामा, राग मानू नका. हे नऊ तुमचेच आहेत. सामन्यापर्यंत ते घालवा. नाही जमलं तर तुम्हाला आणि आणखी एकाला काढून माझा मेहुणा आणि एखादा काटकुळा घेऊन बेरीज जुळवावी लागेल, आणि मग शेवटी मेहुणाच उभा राहील."

पंक्चरचा मेहुणा तिथेच भिंतीला टेकून केळं खात होता. भिंत कुठली आणि मेहुणा कुठला हे पटकन कळत नव्हतं. त्याने मामांकडे बघून प्रेमाने हात हलवला.

मामा त्या दिवशी घरी चालत आले, तेही हळूहळू. त्याआधी काट्याच्या खोलीवर खडूने लिहून आले: 'काट्यावर माणसांनी चढू नये.'

आता ते वाढून घ्यायचं प्रकरण. मामींच्या हातचा एक पदार्थ होता. घरात त्याला 'गादी' म्हणायचे. जाड्याजाड्या पोपटी मिरच्या विस्तवावर काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजायच्या, झाकून ठेवायच्या, साल ओढून काढायची, चीर देऊन बिया झटकायच्या. मग प्रत्येकीच्या पोटात बोटभर चीज. लोणी फासलेल्या पसरट ट्रेमध्ये त्या शेजारी-शेजारी निजवायच्या, वर सायीत फेटलेली अंडी ओतायची, वर पुन्हा चीज, त्यावर लोण्यात परतलेला पावाचा चुरा, आणि ट्रे ओव्हनमध्ये. बाहेर यायचा तो फुगून, सोनेरी होऊन, कडेने तूप सोडत. मामा अर्धा ट्रे एकटे उडवायचे आणि मग खऱ्या गादीवर जाऊन पडायचे.

त्या संध्याकाळी मामांनी सगळं सांगितलं. मामी ट्रे बाहेर काढत होत्या. त्यांनी तो तसाच ओट्यावर ठेवला.

"म्हणजे ते नऊ किलो मीच घातलेत."

"तू नाही गं. मी खाल्लेत."

"मी घातलेत, तुम्ही खाल्लेत. आता मीच काढते."

"म्हणजे गादी बंद?" मामांचा आवाज चिरकला.

"बंद कशाला? गादीतला कापूस कमी करायचा. झोपायला मिळाल्याशी मतलब."

त्यांची लेक चपलांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून तिच्या जिभेला धार आली होती. ती म्हणाली, "आई, बाबांची हलकी गादी म्हणजे चटई."

पहिली हलकी गादी खरोखर चटईच निघाली. मामींनी चीज, साय, लोणी सगळं एका झटक्यात काढून टाकलं होतं. सायीऐवजी पाणी. मामांनी घास घेतला, डोळे मिटले.

"कसं आहे?"

"भिजलेला टॉवेल चावतोय असं वाटतं. पण टॉवेल चांगला आहे हं."

दुसऱ्या खेपेला आत उकडलेला भोपळा होता. लेक वास घेऊन म्हणाली, "कोण आजारी आहे?" तिसऱ्यात दह्याचं पाणी सुटलं आणि मिरच्या ट्रेभर पोहायला लागल्या. मामांनी त्यांना एकेक करून चमच्याने वाचवलं. मामी चिडायच्या ऐवजी इरेला पेटल्या. बाई मुळात जिद्दीची. एकदा शेजारणीने 'तुमच्या पडद्याला झोळ आहे' म्हटलं तर दुपारभर शिडीवर उभी राहिली होती.

हळूहळू मामींना कळत गेलं. दह्याला फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं, म्हणजे त्याचं पाणी निघून जातं आणि चक्का राहतो. तो मिरचीच्या पोटात. सोबत मक्याचे उकडलेले दाणे आणि चमचाभर तेलात मऊ केलेला कांदा. भाजलेल्या मिरच्या फडक्यावर निथळायच्या, ओल्या घालायच्या नाहीत. अंड्यातलं पांढरं वेगळं काढून हात भरून येईपर्यंत फेटायचं. साय नको की काही नको, ते आपलं आपण फुगतं. चीज अगदी सोडायचं नाही, नाहीतर माणसं रडतात. पण मऊमऊ दुधाळ चीज ढिगाने घालण्यापेक्षा जुनं, कडक, उग्र वासाचं आणायचं आणि फक्त वरून, बारीक किसणीने, पावसाच्या भुरभुरीसारखं. मूठभर किसाने अख्खा ट्रे ओळखीचा वाटतो.

ती गादी ओव्हनमधून निघाली तेव्हा टोपीसारखी फुगलेली होती. मामांनी घास घेतला. दुसरा घेतला. मग एकदम लाल झाले, उभे राहिले, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"अहो! काय झालं?"

"तिखट!" मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "एक मिरची खोडसाळ निघाली. पण काय सांगू तुला! चीजच्या खाली इतकी वर्षं ही मिरची झाकलेली होती! मला मिरचीची चवच माहीत नव्हती गं!"

लेकीने खाल्लं आणि नुसती मान हलवली. तिच्याकडून हे म्हणजे बँडबाजाच.

घरचं ठीक झालं, पण दुपारच्या जेवणाचं काय? ट्रकतळावर माणूस उपाशी राहूच शकत नाही. येणारा प्रत्येक ड्रायव्हर काट्याच्या खिडकीतून काहीतरी आत सरकवणार. तळलेलं, पाकवलेलं, लोणी चोपडलेलं. 'घ्या हो मामा, एवढंसं.' मामांना नाही म्हणता यायचं नाही. तोंड भरलेलं असायचं. मामींनी एका दुपारी गुपचूप येऊन खिडकीमागून हे बघितलं. एका ड्रायव्हरने पुडा आत सरकवला तो त्यांच्याच हातात.

"मामींना बघून ट्रक मागे घेतला त्याने," पंक्चर नंतर सांगायचा. "रिव्हर्सचा हॉर्न वाजवत!"

दुसऱ्या दिवसापासून मामी दोन मोठे ट्रे घेऊन दुपारी ट्रकतळावर हजर. आणि त्यांनी कप्तानालाच धरलं. "तुम्ही सगळे यांच्यासमोर तळलेलं खाणार आणि यांनी हलकं खायचं? हे कसं जमेल? यांचे नऊ किलो जायला हवेत ना तुम्हाला?"

पंक्चरला पटलं. त्याने हुकूम सोडला. मामा जे खातील तेच सगळा संघ खाईल. सुरुवातीला बोंब झाली. क्रेनवाला म्हणाला, आमच्या घरी काय सांगू? पण गादी जिभेवर पडली आणि बोंब थांबली. दोन ट्रेंचे तीन झाले, तिनाचे चार. खोडसाळ मिरची कोणाच्या वाट्याला येते याच्यावर पैजा लागायला लागल्या. ज्याला ती यायची तो ट्रकतळाला धावत फेरी मारायचा आणि बाकीचे टाळ्या पिटायचे. मामींना ही फेरी फार आवडली. त्यांनी ठरवून टाकलं की ज्याला खोडसाळ येत नाही त्यानेही जेवण झाल्यावर फेरी मारायची. धावत नाही तर चालत. मामा स्कूटर घरी ठेवून पायी यायला लागले. दुपारी मामींना आणायलाही पायीच जायचे. येताना पुढे मामी, त्यांच्या डोक्यावर ट्रे, आणि मामा मागून: "हळू गं, हळू! वाफ जाईल!"

मामा दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन वजन करून यायचे. एकशेसात. एकशेचार. शंभर! त्या दिवशी त्यांनी नर्सबाईंना पेढ्याऐवजी काकड्या वाटल्या. शेवटी अठ्ठ्याण्णव. अख्ख्या ट्रकतळाचं लक्ष मामांच्या पोटावर होतं. आपला स्वतःचा पट्टा कुठल्या भोकात गेलाय, हे बघायला मात्र कोणालाच सवड नव्हती.

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं. दवाखान्याचा काटा टेबलाशेजारी मांडला होता. गिरणीवाल्यांची बेरीज झाली, बरोब्बर सातशेवीस. आठ जण म्हणजे आठ पिंपं. मग ट्रकतळाचे चढले. क्रेनवाला चढला, उतरला. वेल्डर चढला, उतरला. पंचाचा चेहरा हळूहळू चमत्कारिक व्हायला लागला. शेवटी मामा चढले.

"सहाशेबासष्ट," पंच म्हणाला.

क्षणभर ट्रकतळाने जल्लोष केला. मग पंक्चरच्या डोक्यात उजेड पडला. त्याने एकेकाकडे पाहिलं. गालफडं आत, पोटं सपाट, डोळे तरतरीत. प्रत्येक जण निरोगीपणाचा पुतळा.

"मेलो!" तो ओरडला. "अरे, आपण हलके झालो!"

गिरणीकडून हसण्याचा असा काही गडगडाट आला की टेबलावरचे कागद उडाले. "दोरी कशाला?" तिकडून कोणीतरी ओरडलं. "फुंकर मारतो!"

पंक्चरने घाम पुसला. भिंतीपाशी मेहुणा उभा होता. हात झटकून, बाह्या सरसावून तयार. त्याने गादीचा एक घासही खाल्ला नव्हता. एकशेअठरा किलो.

"मामा," पंक्चर खाली बघत म्हणाला, "आता... शेवटच्या जागी वजन लागतं हो."

मामांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. "म्हणजे तेव्हा मी जड होतो म्हणून," ते म्हणाले, "आणि आता हलका आहे म्हणून?"

मेहुण्याने दोरीचं टोक उचललं.

"थांबा!" मामी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "यांना काढून त्यांना घेतलं तर किती वाढतील?"

"वीस, मामी."

"आणि जागा किती शिल्लक आहे?"

"अठ्ठावन्न."

"माणसं आठच हवीत असा नियम आहे?"

पंचाने गिरणीकडे बघितलं, गिरणीने आभाळाकडे. नऊ काटकुळे त्यांनीच आणले होते ना एकदा. पंचाने मान हलवली. नाही, असा नियम नाही.

"मग यांना कशाला काढता? मला घ्या," म्हणत मामी काट्यावर चढल्यासुद्धा. काटा थरथरला आणि थांबला. एकोणसाठ.

"एक किलो जास्त!" गिरणीवाले खूष.

"एक मिनिट." मामींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून लेकीच्या हातात दिला. मग खांद्याची पिशवी. लेकीने पिशवीत डोकावून बघितलं. "आई, किसणी घेऊन फिरतेस?"

"जिंकल्यावर वरून भुरभुरायला नको?"

अठ्ठावन्न! सातशेवीस! पंक्चरने मामींना उचलूनच घेतलं असतं, पण मामांनी बघितलं म्हणून त्याने नुसता नमस्कार केला. मेहुण्याने दोरीचं टोक मामांकडे दिलं आणि गिरणीवाल्यांकडे केळं मागायला गेला.

नऊ जण उभे राहिले. मामी आठव्या, मामा शेवटी. दोरी कमरेभोवती, बगलेतून, घट्ट्यावर. शिट्टी वाजली.

पहिल्या झटक्याला ट्रकतळ हातभर पुढे सरकलं. मामींची वेणी मागे उडून मामांच्या तोंडावर फटकन बसली. "अहो, बसा ना खाली!" त्या ओरडल्या, "मला पाडता का!" मामा बसले. टाचा रुतल्या. डोळे आभाळाकडे. पुढे आठ जण, तीन महिने भाजलेली मिरची खाऊन आणि ट्रकतळाला फेऱ्या मारून तयार झालेले. गिरणीवाले पहिल्या तीन दमांत जोरात होते, चौथ्यात धापा टाकायला लागले, पाचव्यात त्यांच्यातला एक म्हणाला, "जरा थांबा की!" दोरीत थांबत नसतात. ट्रकतळाचे पाय मात्र एका लयीत मागे पडत होते. एक. मग एक. मग आणखी एक.

दोरीच्या मधोमध बांधलेल्या रुमालाने रेघ ओलांडली. शिट्टी वाजली. मैदान उसळलं.

पण दोरी थांबेना. गिरणीवाले आडवे झाले होते आणि आडवेच घसरत येत होते, पोटांवर, पिठाच्या पोत्यांसारखे. मामा आभाळाकडे बघत मागे मागे चाललेच होते.

"मामा, जिंकलो! सोडा!" पंक्चर पुढून ओरडला.

मामा ओढतायत.

"अहो, सोडा की! जिंकलो आपण!"

"जागा कोणाची?" मामांनी मागून विचारलं.

"काय?"

"शेवटची जागा कोणाची ते आधी सांगा!"

"तुमची हो मामा, तुमचीच!" पंक्चर केकाटला. "जड व्हा, हलके व्हा, तुमचीच!"

"तू नको. तिला सांगू दे."

मामींना हसू आवरेना, बोलता येईना, पाय घसरायला लागले. "तुमचीच," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि तुमच्या पुढची माझी."

मामांनी दोरी सोडली. नऊच्या नऊ जण एकमेकांच्या मांडीत धपाधप बसले.